चाळीस मुलांच्या वर्गात आठ टॅब: मुलांना एकत्र शिकवायला पुरतील का?

सातवीत चाळीस मुलं, शाळेला आठ टॅब मिळालेत, आणि मुलांनी मिळून शिकायचं असेल तर एवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागेल. चाळीस आले नाहीत हे बरंच झालं, असं मी म्हणेन. प्रत्येकाच्या हातात टॅब आला की वर्ग चिडीचूप होतो आणि भेटीला आलेल्या साहेबांना ती शिस्त वाटते!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. माझ्या मते आधी लागतो तो वाद घालण्याजोगा प्रश्न, टॅबचा नंबर नंतर. फळ्यावर लिहा: ०.५ मोठं की ०.३५? निम्मा वर्ग ०.३५ म्हणणार, कारण मुलं ते 'शून्य पॉइंट पस्तीस' असं वाचतात आणि पस्तीस पाचापेक्षा मोठेच. लगेच उत्तर सांगू नका. आधी प्रत्येकाकडून आपापलं उत्तर घ्या, मग शेजाऱ्याला पटवायला लावा, मग पुन्हा उत्तर घ्या. कुणीतरी मीटरपट्टी काढतं, अर्धा मीटर म्हणजे पन्नास सेंटिमीटर दाखवतं, आणि समोरचा 'हां, मग पस्तीस अलीकडे राहिलं' म्हणतो. माझ्या तोंडून हेच ऐकलं असतं तर त्याने नुसती मान डोलावली असती.

ही पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरली. त्यांचा साधारण ठोकताळा असा: पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तरच चर्चा लावायची. त्याहून कमी आली तर पुन्हा शिकवायचं, जास्त आली तर पुढे जायचं. पुढे मुलांनी बटण दाबून उत्तर द्यायची यंत्रं आली, तेव्हा यंत्र आणि साधी हातात धरायची कार्डं यांची तुलना झाली. शिकण्यात फरक पडला नाही. यंत्राने शिक्षकाची मोजणी तेवढी सोपी केली.

ती मोजणी आपल्याला फुकटात जमते. प्लिकर्स नावाचं ॲप आहे. त्याची कार्डं इंटरनेटवरून घेऊन झेरॉक्स काढायची. कार्डाची जी बाजू वर धरली ते उत्तर, आणि तुमच्या एका मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय ते कळतं. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून हात वर करणं बंद. मागच्या बाकावरची न बोलणारी मुलगीही उत्तर देते, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आता टॅब. तिघांत एक दिलात तर चोवीस मुलं टॅबवर, सोळा मोकळी. मोकळ्यांना कागदाचे त्रिकोण कापून कोनमापकाने कोन मोजू द्या. टॅबवाले जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपमध्ये त्रिकोण काढून शिरोबिंदू ओढत बसतील. त्यांची बेरीज कायम १८०, कागदवाल्यांची १७८, १८३, काहीही. चूक कोणाची, यावर दोन्ही गट भिडले की तुम्ही खुर्चीत बसलात तरी चालेल. मग जागा बदला.

एक नियम मात्र कडक ठेवा: टॅब ज्याच्या हातात, त्याने फक्त बाकीचे दोघं सांगतील तेच करायचं. दर पाच-सात मिनिटांनी टॅब पुढे सरकवायचा. नाहीतर दांडगं पोर तो सोडत नाही आणि उरलेले दोघं प्रेक्षक होतात. १९९९ साली शिक्षण-संशोधक सुगाता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला. मुलं घोळक्याने आपापली शिकली म्हणून त्याचं कौतुक झालं, पण थोराड पोरंच माऊस बळकावतात, अशी टीकाही झाली.

गृहपाठाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मात्र मी सहकार्य म्हणत नाही. एकाने वहीचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी उतरवायचं. तिथे फोटोला बंदी घाला, आपण कुठे अडलो तेवढंच व्हॉइस मेसेजने विचारायला सांगा.

आणि चार्जिंग! आठही टॅब आदल्या दिवशी कोण लावणार, याची पाळी मुलांतच लावून द्या.