मुंबईत मराठी स्टँड-अपचा लाइव्ह ऑडिओ अल्बम: जागा, माईक आणि हशा

तुम्ही विचारलंय की तासाभराचा मराठी स्टँड-अप कार्यक्रम बसला आहे, व्हिडिओ शूटचं बजेट नाही, तर नुसता आवाजाचा लाइव्ह अल्बम काढला तर कोणी ऐकेल का, आणि मुंबईत तो रेकॉर्ड कसा करायचा. मी नाटकांचं आणि कॉमेडी शोचं साउंडचं काम करतो, तेव्हा दुसऱ्या भागावर जास्त लिहितो.

लोक ऐकतात. मराठी माणसाला तर हे मुळीच नवं नाही. पु. ल. देशपांड्यांची ‘म्हैस’ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. ती एसटी, तो कंडक्टर, ते पुढारी, सगळे नुसत्या आवाजातून उभे राहिले. अमेरिकेत बॉब न्यूहार्ट या विनोदी कलाकाराचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९६० मध्ये ह्यूस्टनच्या टाइडलँड्स क्लबमध्ये रेकॉर्ड झाला. त्याआधी हा माणूस नाइटक्लबच्या स्टेजवर कधी चढलाही नव्हता. तो अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिला आला आणि १९६१ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं. त्यातले गाजलेले तुकडे म्हणजे टेलिफोनवरचं बोलणं, तेही एकाच बाजूचं. पलीकडचा माणूस आपल्याला ऐकूच येत नाही, तो काय म्हणाला असेल हे आपण मनात जुळवायचं. नुसत्या कानांसाठी लिहिणं म्हणजे काय हे शिकायचं असेल तर तो अल्बम ऐकाच.

आता रेकॉर्डिंग. माझं ठाम मत आहे की अशा अल्बमचा अर्धा जीव हशात असतो, आणि नेमकं त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. कलाकाराच्या हातातला माईक जवळचा आवाज घेण्यासाठी बनवलेला असतो. फक्त त्याचं रेकॉर्डिंग घेतलंत तर समोर दीडशे माणसं पोट धरून हसली तरी ऐकताना हशा शेजारच्या इमारतीतून आल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला वाटतं, विनोद पडला. मग कोणीतरी मिक्सिंगमध्ये त्या हशाचा आवाज ओढून वर आणतो, आणि त्याच्याबरोबर एसीची घरघर आणि खुर्च्यांची करकरही वर येते.

म्हणून प्रेक्षकांचा हशा घेण्यासाठी वेगळे दोन कंडेन्सर माईक, म्हणजे लांबचा बारीक आवाजही टिपणारे माईक, लावा. स्टेजच्या दोन्ही टोकांना, तोंड प्रेक्षकांकडे, आणि स्पीकर त्यांच्या पाठीमागे येतील असे. त्यामुळे स्पीकरमधून येणारा तुमचाच आवाज त्यांत कमी शिरतो. हे माईक हॉलच्या स्पीकरमध्ये सोडायचे नाहीत, फक्त रेकॉर्डरला द्यायचे. हॉल लांब असेल तर मागे आणखी एक जोडी. आवाजाला एक मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १५ मीटर मागच्या माईकवर तुमचं वाक्य ४५ मिलिसेकंद उशिरा पोचतं. एडिटिंगला बसल्यावर तो ट्रॅक तेवढा आधी सुरू होईल असा सरकवला नाही तर प्रत्येक शब्दामागे तोच शब्द पुन्हा ऐकू येतो. प्रत्येक माईक स्वतंत्र ट्रॅकवर घ्या, आणि रेकॉर्डरची सेटिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा. रेकॉर्डिंगची पातळी थोडी कमीच ठेवा, कारण पंचवर, म्हणजे विनोदाच्या हशा आणणाऱ्या शेवटच्या ओळीवर, तुम्ही ओरडलात आणि आवाज फाटला तर तो नंतर पूर्ववत होत नाही. आणि माईकची जाळी मुठीत धरू नका. रॅपर लोकांचं बघून ही सवय लागते. त्यानं आवाज कोंदट होतो आणि स्पीकरमधून शिट्टी वाजायची शक्यता वाढते.

जागा लहान निवडा. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथसारख्या मोठ्या नाट्यगृहात प्रयोग करायचं स्वप्न मला कळतं, पण तिथे अर्धा हॉल रिकामा असेल तर रेकॉर्डिंगमध्ये तो रिकामेपणा ऐकू येतो. शंभर-सव्वाशे खुर्च्या, छत ठेंगणं, माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, पुढची रांग भरलेली. अशा खोलीत एक जण हसला की बाजूच्याला हसू आवरत नाही, आणि तो पसरत जाणारा हशा माईकवर फार सुंदर येतो. मुंबईत असे कॉमेडी क्लब आहेत. मात्र जिथे शो चालू असताना खाणं-पिणं येतं तिथे विनोदातल्या शांत क्षणी काटे-चमचे वाजतात, ते आधीच बंद करायला सांगा.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली धरा. मे महिन्यात मुंबईत एसी मंद करता येत नाही, जुलैत पत्र्यावरचा पाऊस, गणपतीत बाहेर ढोल. थंडीत शो सुरू झाल्यावर एसी बराच कमी करता येतो. आणि एकाच संध्याकाळी दोन शो रेकॉर्ड करा. ऑडिओचा हा मोठा फायदा आहे: सातच्या शोमधला सेटअप, म्हणजे विनोदाची सुरुवातीची मांडणी, आणि साडेनऊच्या शोमधला पंच जोडता येतो, प्रेक्षक कोणते बसले होते ते दिसत नाही. कट हशाच्या ओसरत्या भागात द्यायचा, म्हणजे सांधा कळत नाही. दुसरीकडचा तयार हशा मात्र कधीही चिकटवू नका. त्या खोलीचा घुमारा वेगळा असतो, आणि तुमच्यावर विश्वास ठेवून ऐकणाऱ्याची ती फसवणूक आहे.

मजकुराकडेही एकदा फक्त कानानं बघा. विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या झोपलेला माणूस तुम्ही अंगानं करून दाखवता, खोली दहा सेकंद हसते, आणि अल्बममध्ये राहतं काय, तर कारण न कळणारा हशा. करायच्या आधी एक वाक्य टाका, ‘वरची कडी हातात, मान पुढच्याच्या बॅगेवर’, की चित्र उभं राहतं. असे सगळे तुकडे शोधून काढा. जो तुकडा शब्दांत बसतच नाही तो स्टेजसाठी ठेवा, अल्बममधून काढा.

एंट्रीला सिनेमाचं गाणं वाजवू नका, ते माईकवर येतं आणि त्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात. दारावर रेकॉर्डिंग चालू असल्याची पाटी लावा. प्रेक्षकांशी गप्पा मारताना कोणी नाव, ऑफिस, घरची भानगड सांगितली तर शो संपल्यावर त्याला गाठून विचारा. तो नको म्हणाला तर कितीही हशा असला तरी तो भाग कापा.

करार वाचल्याशिवाय सही करू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे, आणि लिहिलेल्या संहितेचा हक्क त्याहून वेगळा. हा फरक नुसता कागदोपत्री नाही. २०२१ च्या अखेरीस स्पॉटिफाय या ऑडिओ ऐकवणाऱ्या अॅपनं जॉन मुलेनी, केव्हिन हार्ट अशा अनेक अमेरिकन कॉमेडियनचे अल्बम काढून टाकले, कारण त्यांच्या वतीनं स्पोकन जायंट्स ही संस्था विनोदाच्या लेखनाची वेगळी रॉयल्टी मागत होती, जशी गाण्यात गीतकाराला मिळते. म्हणून करारात मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कोणाचा आणि लेखन कोणाचं, ही दोन वेगळी कलमं हवीत. लेखन तुमच्याच नावावर ठेवा. आणि रेकॉर्डिंगच्या रात्रीच, सामान आवरायच्या आधी, सगळे सुटे ट्रॅक तुमच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.