हल्ल्यातून वाचलेल्यांचे प्रश्न, कित्येक वर्षांनंतरचे

दहशतवादी हल्ल्यानंतर पहिले काही आठवडे मदतीला माणसं असतात. नंतर ती पांगतात, आणि खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. या वेळी मुद्दाम तशीच पत्रं निवडली आहेत.

बॉम्बस्फोटात कानाचा पडदा फाटला होता, तो भरून आला. आज नऊ वर्षांनीही उजव्या कानात शिट्टी वाजत असते. चार जण एकदम बोलू लागले की काही कळत नाही, मग मी चिडतो. रिपोर्ट नॉर्मल आहे. घरचे म्हणतात, ‘तू मनाला लावून घेतलंयस.’ हे शरीराचं आहे की मनाचं?

बहुधा दोन्हीचं, आणि दोन्हीकडे एकाच वेळी बघायला हवं. स्फोटाच्या दाबाची लाट हवेने भरलेल्या अवयवांना सर्वांत आधी इजा करते: कान, फुप्फुसं, आतडी. फाटलेला पडदा डॉक्टरांना दिसतो, पण आतल्या कानातल्या नाजूक पेशींची आणि नसांची इजा दिसत नाही. शांत खोलीत एकेक सूर ऐकवून केलेली चाचणी नॉर्मल आली, तरी गोंगाटातलं बोलणं न कळणं पूर्ण शक्य आहे. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, स्पष्ट सांगा, ‘मला गोंगाटात बोलणं समजत नाही, त्याची चाचणी करा.’

स्फोटानंतरची काही मिनिटं आठवतच नाहीत, असं आहे का? तेव्हापासून डोकं दुखतं, उजेड सोसत नाही? तसं असेल तर मेंदूला त्या वेळी धक्का बसला होता का, हेही न्यूरॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. शुद्ध हरपली नव्हती म्हणजे धक्का बसलाच नाही, असं नसतं. चिडचिड, विसरभोळेपणा, उडालेली झोप ही लक्षणं आघातोत्तर तणाव विकारातही, म्हणजे पीटीएसडीतही, दिसतात. त्यामुळे एकच तज्ज्ञ सगळं सांगू शकेल असं नाही.

शिट्टीचंही तसंच आहे. ती ऐकली की तो दिवस आठवतो, शरीर सावध होतं, आणि सावध झालेल्या मेंदूला ती आणखी मोठ्याने ऐकू येते. हे चक्र मोडण्यासाठी बोधात्मक वर्तन उपचारांचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या संवाद-उपचारांचा, चांगला उपयोग होतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचाही होतो.

घरच्यांनाही एक गोष्ट दाखवा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत 1995 साली झालेल्या स्फोटात 168 माणसं गेली. त्यातून वाचलेल्या काही जणांची सुमारे सात वर्षांनी तपासणी झाली. त्यांतले बहुतेक मनाने सावरलेले होते. तरीही स्फोटाचा विषय निघाल्यावर त्यांची नाडी आणि रक्तदाब इतरांपेक्षा जास्त वाढत होता. आपण सावरलो असं माणसाला वाटत असतं, तेव्हाही शरीर सावध असू शकतं. म्हणून रक्तदाबाची तपासणीही चुकवू नका.

माझ्या मिस्टरांना खरचटलंही नव्हतं. पण सहा वर्षं झाली, बाहेर कुठेही गेलो की दाराकडे तोंड करूनच बसतात. ती तारीख जवळ आली की आठवडाभर बोलणं बंद. समुपदेशकाचं नाव काढलं की म्हणतात, ‘जे गेले त्यांचं काय? मला काय झालंय?’

‘मला काय झालंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकतो की तेही एक लक्षण मानावं असं मला वाटू लागलंय. ओक्लाहोमातल्याच 182 जणांना स्फोटानंतर सुमारे सहा महिन्यांनी तपासलं, तेव्हा 34 टक्के लोकांना पीटीएसडी होता. बाकीच्यांना तो नव्हता, हेही तितकंच खरं. तुमच्या मिस्टरांना तो आहे की नाही, हे पत्रावरून मी सांगणार नाही. तपासायला मात्र हवं.

‘उपचार’ हा शब्द सध्या बाजूला ठेवा. झोपेपासून सुरुवात करा: ‘रात्री तीनला जाग येते ना, त्याबद्दल तरी डॉक्टरांना विचारू या.’ लंडनमध्ये 2005 च्या स्फोटांनंतर, लोक आपणहून येतील किंवा त्यांचे नेहमीचे डॉक्टर त्यांना पाठवतील, याची वाट पाहत न बसता त्यांना शोधून काढून प्रश्नावल्या दिल्या गेल्या, कारण वाट पाहून फार थोडे पोचत होते. अशी प्रश्नावली घरी एकट्याने भरणं काहींना सोपं जातं. डॉक्टरांकडून मागून आणा. आघातावर केंद्रित बोधात्मक उपचार आणि ईएमडीआर (त्रासदायक आठवण मनात धरून डोळे ठरावीक पद्धतीने हलवण्याचा उपचार) या दोन्हींमागे भक्कम पुरावा आहे, आणि वर्षं लोटली म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत.

दाराकडची खुर्ची त्यांना खुशाल द्या. पण टाळायच्या जागांची यादी वाढत चालली असेल, तर ती दोघांनी मिळून रोखा. आणि सहा वर्षं हे सगळं तुम्ही एकटीने सांभाळलंय. तुमच्यासाठीही कुणाची तरी वेळ घ्या.

त्या दिवशी कामाची पाळी माझी होती. सहकाऱ्याने बदलून मागितली, मी हो म्हटलं. तो गेला. मी तिथे नव्हतेच, मग मला रडायचा हक्क तरी आहे का?

आहे. दुःख कुणाला व्हावं, हे जागेवरची हजेरी ठरवत नाही.

‘तुझी काय चूक?’ असं तुम्हाला शंभर जणांनी सांगितलं असेल आणि त्याने काही झालं नसेल. अपराधीपणा अशा समजावण्याने हलत नाही. उपचारात आम्ही तो दिवस सावकाश, क्रमाने पुन्हा उलगडतो. त्याने पाळी का मागितली? तुम्ही हो का म्हटलंत? त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं? आज माहीत असलेली गोष्ट तेव्हाही माहीत होती असं मन धरून चालतं, आणि तिथेच गाठ बसते. तुम्ही एका माणसाची अडचण भागवली होती. हे कुणी सांगून पटत नाही. स्वतःच्या तोंडून, तपशिलासकट यावं लागतं.

सहा महिन्यांहून अधिक काळ आठवणीची ओढ किंवा दुःख रोज तितकंच तीव्र असेल आणि कामं होत नसतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात त्याला ‘प्रदीर्घ शोक विकार’ म्हणतात आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. ‘त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं’ हा विचार ‘मी आता नसावं’ इथवर गेला असेल, तर वाट पाहू नका. आजच कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मैत्रिणीच्या झोपेच्या गोळ्या वर्षभर घेतेय. चालेल?

नाही. या गटातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो. पण एकदम बंदही करू नका, त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

अंगात अजून धातूचे छर्रे आहेत. काळजी करावी का?

सगळे काढावे लागत नाहीत. पण एमआरआयच्या आधी ते जरूर सांगा, कारण चुंबकामुळे ते हलू किंवा तापू शकतात. शिसं असलेला छर्रा सांध्यात असेल, तर रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या.

मुलगी सोळा वर्षांची. हल्ल्यानंतर तिचं डोकं सारखं दुखतं, मार्क घसरले. शाळा म्हणते, आता वर्ष होऊन गेलं.

नॉर्वेतल्या उटोया बेटावर 2011 मध्ये 69 जण मारले गेले, त्यांत बहुतेक तरुण होते. वाचलेल्या मुलामुलींमध्ये अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा बरीच जास्त आढळली. अनेकांच्या अभ्यासावरही परिणाम झाला. तिथे प्रत्येकासाठी निदान वर्षभर एक संपर्क व्यक्ती नेमण्याची योजना होती. शाळेकडे तेच मागा: एक ठरलेली शिक्षिका, परीक्षेला जादा वेळ, वर्गातून न विचारता बाहेर जाण्याची मुभा. डोकेदुखीवर स्वतंत्र उपचार करा. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं.

दर स्मृतिदिनाला वार्ताहर फोन करतात. नाही म्हटलं की वाईट वाटतं.

बोलल्याने काहींना बरं वाटतं, काहींना पुढचे पंधरा दिवस झोप लागत नाही. तुम्ही कुठल्या गटात आहात, हे गेल्या वर्षाच्या अनुभवावरून ठरवा. हो म्हणायचं असेल तर प्रश्न आधी मागा, आणि मुलाखतीसोबत हल्ल्याची दृश्यं दाखवणार का, हेही विचारा. त्या आठवड्यात टीव्हीही कमी बघा: बोस्टन मॅरेथॉनवरच्या 2013 च्या हल्ल्यानंतर रोज सहा तासांहून अधिक बातम्या पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदला गेला. आणि आधी हो म्हणून आयत्या वेळी नको वाटलं, तर तेव्हाही नाही म्हणा. कारण देण्याची गरज नाही.