एक कलाकार ठाण्यात, दुसरी बेलापूरला. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी स्टेजवर, तालीम करायची तर हेडसेट कोणता घ्यावा आणि अवतार, म्हणजे तिथे दिसणाऱ्या आपल्या आकृती, किती खरे हवेत?

अवतार नंतर बघा. आधी आवाज किती उशिरा पोचतो ते मोजा. आमची एकांकिका याच चुकीने बुडाली.

तालीम नौपाड्यात असायची. बायकोची भूमिका करणारी बेलापूरची, ऑफिस सुटून ठाण्याला पोचेपर्यंत तिला नऊ वाजायचे. म्हणून मी युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टेज उभं केलं, दोन क्वेस्ट २ हेडसेट उसने आणले. प्रसंग नवरा-बायकोच्या भांडणाचा. त्याचं वाक्य तोडून तिने "मग जा ना!" म्हणायचं. रोज त्याचं वाक्य पुरं व्हायचं, मग रिकामी जागा, मग तिचं "मग जा ना". दिग्दर्शक सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "तुला टायमिंगच नाही." मी सांगितलं, उशीर सिस्टीमचा आहे. तर म्हणे, यंत्रावर ढकलू नकोस, तिचा चेहरा जिवंत दिसत नाही ते आधी नीट कर. पंधरा दिवस मी अवताराच्या भुवया हलवत बसलो. तेवढ्यात तिने नाटक सोडलं.

नंतर दोन्ही हेडसेट टेबलावर ठेवले, एक घरच्या वायफायवर, दुसरा मोबाईलच्या नेटवर, त्याला तिच्यासारखेच ब्लूटूथ इयरफोन. पहिल्यासमोर टाळी वाजवली आणि दोन्ही आवाज फोनवर रेकॉर्ड केले. दोन टाळ्यांमध्ये ४१० मिलिसेकंद! तिचं उत्तर परत यायला आणखी वेळ, म्हणजे ती वेळेत बोलली तरी त्याला अर्ध्या सेकंदाहून उशिरा ऐकू यायचं. स्टेजवर दहा मीटरवरून आवाज यायला ३० मिलिसेकंदही लागत नाहीत. फोनवरच्या बोलण्यासाठीसुद्धा जी.११४ ही आंतरराष्ट्रीय शिफारस एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत राहा म्हणते. टायमिंग तिचं चोख होतं. ते रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलंय.

ब्लूटूथ काढून वायरचे इयरफोन लावले, परदेशातला सर्व्हर मुंबईत आणला, आवाजाचा बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवलेला आवाज, कमी केला. १३० वर आलं. चार महिने आधी केलं असतं तर प्रयोग झाला असता.

हेडसेट म्हणाल तर क्वेस्ट ३ पुरेल. फक्त त्यात डोळे टिपणारे कॅमेरे नाहीत, ते क्वेस्ट प्रोमध्ये होते. अवताराची नजर अंदाजाने फिरते, त्यामुळे नजरेवर उभा असलेला प्रसंग त्यात बसवू नका. हालचालीही नकोत. फ्लॅटच्या हॉलमध्ये स्टेज मावत नाही, आणि जॉयस्टिकने चाललं की बऱ्याच जणांना मळमळतं. हालचाली जमिनीवर टेप मारून, सगळे एकत्र असतानाच बसवा. शिवाय अर्धा किलोचं वजन तोंडावर असतं, वीसेक मिनिटांनी थांबावंच लागतं.

आणि टाळीची चाचणी पहिल्याच दिवशी करा, दिग्दर्शकाला शेजारी उभं करून.