आगीचा जुना बंब पंप जोडला की बंद पडतो. इंजिन बोअरिंगला काढावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साखर कारखान्याच्या आवारात टाटा १२१० चा जुना बंब आहे, इंजिन ६९२. सकाळी सेल्फ मारला की लगेच उठतो, नुसता उभा ठेवला तर तासभर कुरकुर न करता चालतो. पण पी.टी.ओ. (इंजिनाची ताकद पाण्याच्या पंपाला जोडणारा गिअर) टाकून पंपाला लोड दिला की दहा-बारा मिनिटांत आवाज बसतो, हिसके येतात आणि बंद पडतो. थोडा वेळ थांबून परत मारला की पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणतोय इंजिन संपलं, हेड उतरवा, लाइनर-पिस्टन नवे टाका.

हेडला हात लावू नका. निदान अजून तरी नाही.

मी एकतीस वर्षं ट्रक-ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांवर काम करतोय. त्यात कारखान्यांचे आणि नगरपालिकांचे मिळून सात-आठ बंब हाताखालून गेले. झिजलेलं इंजिन थंडीत उठायला त्रास देतं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर सोडतं, ऑइल पितं, आणि दहा मिनिटं विश्रांती दिली म्हणून सुधारत नाही. तुमचं इंजिन सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये उठतंय. म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबण्याची ताकद) आहे. लोडवर मरतंय आणि थांबल्यावर परत जिवंत होतंय, तर त्याला डिझेल पुरत नाहीये.

हिशोब बघा. ६९२ मधला ६ म्हणजे सिलिंडर आणि ९२ म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर, सिलिंडरचा आतला व्यास. साधारण पावणेपाच लिटरचं, शंभर हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन. आयडलला, म्हणजे बिनलोड नुसतं उभ्याने चालताना, ते तासाला दीड-दोन लिटर डिझेल घेतं. पंपावर पूर्ण लोड आला की पंधरा-वीस लिटर मागतं, म्हणजे जवळजवळ दहापट. लाइन अर्धी तुंबलेली असेल तर आयडलला तिला काहीच कळत नाही. म्हणून गेटवर उभा असलेला बंब ठणठणीत वाटतो आणि आगीवर गेल्यावर दगा देतो.

साध्या ट्रकमध्ये हा दोष एवढा लपून राहत नाही, कारण ट्रक रोज ओझं ओढतो. बंबाचं आयुष्य वेगळं. वर्षाला किलोमीटर जेमतेम, टाकी अर्धी भरलेली, तेच डिझेल महिनोन्‌महिने पडून. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, पाणी तळाशी बसतं, पत्र्याला आतून गंज चढतो, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळा बुळबुळीत गाळ वाढतो. लोड आला की ओढ वाढते आणि हा गाळ हळूहळू पिकअप नळीच्या तोंडाशी येऊन चिकटतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते, गाळ खाली बसतो, दहा मिनिटांनी वाट मोकळी. तुमच्या बंबाची लक्षणं नेमकी हीच आहेत.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. आधी बंब सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावा. तुमच्याकडे स्प्रे पॉन्ड (कारखान्याचं पाणी गार करायचा हौद) असेलच. सक्शन त्यातून घ्या आणि डिलिव्हरी परत त्यातच सोडा, म्हणजे पाहिजे तेवढा वेळ खरा लोड देता येईल. पंप चालू असताना डिलिव्हरी पूर्ण बंद ठेवू नका, आतलं पाणी तापतं आणि ग्लँड (पंपाच्या शाफ्टवरचं पाणी अडवणारं पॅकिंग) जळते.

पहिली तपासणी फुकट आहे. डिझेल टाकीचं झाकण सैल करा आणि पंप अर्धा तास चालवा. झाकणात एक बारीक भोक असतं, हवा आत यायला. बंबाला दरवर्षी खंडेनवमीला नाहीतर १४ एप्रिलच्या आधी लाल रंगाचा हात मारला जातो. (१९४४ साली त्या दिवशी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा सप्ताह दरवर्षी त्या तारखेपासून सुरू होतो आणि सगळे बंब धुऊन-रंगवून रांगेत लागतात.) रंगारी झाकणावरूनही ब्रश फिरवतो. दोन-तीन वर्षांत ते भोक बुजतं, टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि टाकीतून इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला ते ओढता येत नाही. झाकण सैल केल्यावर बंब नीट चालला तर तुमची दुरुस्ती एका टाचणीत झाली.

तसं झालं नाही तर टाकीला वगळून बघा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन फीड पंपापेक्षा उंच ठेवा आणि त्यातून सरळ फीड पंपाच्या इनलेटला नळी द्या. नळी पारदर्शक प्लास्टिकची घ्या, आतलं डिझेल डोळ्यांनी दिसलं पाहिजे. रिटर्न लाइनही कॅनमध्येच सोडा. पूर्ण लोडला पाच लिटर पंधरा-वीस मिनिटंच टिकतात, म्हणून एक माणूस गाळलेलं डिझेल ओतायला उभा ठेवा, आणि एक्झॉस्टपासून लांब. कॅनवर बंब अर्धा तास ताकदीने चालला, तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच पट्ट्यात आहे. इंजिनाला, एफ.आय. पंपाला (जास्त प्रेशरने डिझेल ढकलणारा इंजेक्शन पंप), नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) कुणीही हात लावायचं कारण उरलं नाही.

या पट्ट्यात मला एकदा जे सापडलं ते सांगतो, कारण ते बाहेरून दिसत नाही. एका कारखान्याच्या बंबाची टाकी आम्ही उतरवून धुतली, फिल्टर दोन्ही बदलले, फीड पंप खोलून साफ केला. तरी पंधराव्या मिनिटाला बंद. शेवटी चासीच्या कडेने गेलेला रबरी होज काढला. वरून नवा वाटत होता, फुंकर मारली तर हवा आरपार. ब्लेडने लांबीत चिरला तेव्हा दिसलं: आतलं रबराचं अस्तर एका जागी सुटून जिभेसारखं लोंबत होतं. मी फुंकली त्या दिशेने ती जीभ भिंतीला चिकटायची, आणि फीड पंपाने जोरात ओढलं की आडवी उभी राहून वाट बंद करायची. दीड हात होज आणि दोन क्लिप, एवढ्यावर ते काम संपलं. त्याच बंबाला आधी एका गॅरेजने इंजिन ओव्हरहॉलचं कोटेशन दिलेलं होतं. तेव्हापासून जुन्या बंबाचे डिझेलचे रबरी होज मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ डिझेल आलं, गंधक १० पीपीएमवर उतरलं. जुन्या काळच्या रबर-सीलांना नवं डिझेल नेहमी मानवत नाही आणि कोरडा राहिलेला सांधा पाझरू लागतो, हेही ध्यानात ठेवा.

पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर लाइन एअर घेतेय. सक्शन बाजूची गळती फसवी असते: डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, खाली एक थेंब दिसत नाही. बॅन्जो बोल्टखालचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर बदला. नवे मिळाले नाहीत तर जुने लालभडक तापवून पाण्यात टाका, मऊ पडतात आणि पुन्हा बसतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप मात्र गुंडाळू नका, तिचे तंतू तुटून पंपात जातात.

लाइन एकदा उघडली की एअर काढावीच लागते, आणि ती घाईत काढलेली असते म्हणूनही पुष्कळ बंब बंद पडतात. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारत राहा. आधी नुसती फुसफुस येते. मग साबणाच्या पाण्यासारखा पांढरट फेस. मग फेसात मध्येच सलग धार, परत फेस. इथे बरेच जण स्क्रू आवळतात. थांबा, अजून वीस-पंचवीस स्ट्रोक मारा. धार काचेसारखी स्वच्छ आली, एकही बुडबुडा नाही, आणि प्रायमर हाताला जड लागू लागला, की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग हेच एफ.आय. पंपाच्या स्क्रूवर. शेवटी नोझलकडचे हायप्रेशर पाईपचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की एकेक आवळत जा.

या कामात एक गोष्ट जिवावरची आहे. नोझल साधारण २०० किलो प्रेशरच्या आसपास उघडतो. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत शिरते. गळती शोधायला बोट कधीही लावू नका, पुठ्ठा धरा. आणि कुणाला लागलीच, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की प्रेशरचं डिझेल हातात गेलंय. मलमपट्टी करून घरी बसलेल्या माणसाचा हात जाऊ शकतो.

कॅनवरही बंब बंद पडला तर पुढे चला. फीड पंपाचा छोटा स्ट्रेनर (जाळी) आणि त्याचे दोन व्हॉल्व्ह बघा, व्हॉल्व्हखाली गंजाचा कण अडकला तरी प्रेशर बनत नाही. एफ.आय. पंपावरच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली असेल तर डिझेल सगळं रिटर्नला पळतं. आणि स्टॉपरची (इंजिन बंद करायच्या दांडीची) वायर! केबिनमधली स्टॉपरची दांडी पूर्ण आत गेलेली दिसते, पण वायर गंजून अडकली असेल तर एफ.आय. पंपावरचा लिव्हर दोन-चार मिलिमीटर ओढलेलाच राहतो आणि रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) पूर्ण उघडत नाही. बॉनेट उघडून तो लिव्हर बोटाने मागे ढकलून बघा. बंबाला मागच्या पॅनलवर वेगळा हँड थ्रॉटल (हाताने रेस द्यायचा) असतो, त्याची लांबलचक वायरही ताणलेली असते. ती पॅनलवर नाही, एफ.आय. पंपाच्या लिव्हरवर बघून सेट करा.

काळा धूर येऊन दम जात असेल तर एअर क्लीनर, आणि एक्झॉस्टमधली झडप. काही बंबांना एक्झॉस्ट ब्रेक असतो, काही जुन्यांना पाणी खेचायला एक्झॉस्टवर चालणारा प्रायमर. त्याची झडप अर्धवट मिटून अडकली की इंजिनाला श्वास सोडता येत नाही. साधा ट्रक मेकॅनिक तिकडे बघतच नाही, कारण ट्रकला तो प्रायमर नसतो.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की पंप चालू असताना रेडिएटरमधून पाणी उसळतं, आणि मेकॅनिकने त्यावरूनच हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट) गेल्याचं ठरवलंय. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. बंब उभ्याने तासन्‌तास पूर्ण लोडवर चालतो, समोरून वारा नाही, म्हणून त्याला जास्तीचं कूलिंग असतं: पंपाचं थोडं पाणी हीट एक्स्चेंजरमधून फिरवून रेडिएटरचं पाणी थंड करतात. पंपाला प्रेशर सात किलो, रेडिएटरला जेमतेम अर्धा-एक. एक्स्चेंजरची नळी गंजून फुटली की पंपाचं पाणी रेडिएटरमध्ये घुसतं आणि वरून उसळतं. परीक्षा सोपी. त्या लाइनचा कॉक बंद करा, पाच-सात मिनिटंच, टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवून. उसळणं थांबलं तर हेड निर्दोष आहे, एक्स्चेंजर काढून प्रेशर टेस्ट करून घ्या. कॉक बंद असूनही रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले तरच हेड पॅकिंगचा संशय धरा.

एवढं सगळं करून दोष राहिला, तर आयडलवर एकेका सिलिंडरचा हायप्रेशर नट सैल करून बघा. ज्याचा नट सोडल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. आधी त्याचा नोझल टेस्टरवर लावा. फवारा धुक्यासारखा हवा, थेंब गळता कामा नये. नोझल चांगला निघाला तर कॉम्प्रेशन मोजा. आणि ते खरंच पडलेलं असेल तेव्हाच इंजिन उतरवा. तुम्हाला कोल्हापूर जवळ पडत असेल तर काम उद्यमनगरात द्या. ६९२ चं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग केलेले हात तिथे अजून आहेत. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ.

बंब दुरुस्त झाल्यावर तुमची रोजची पद्धत बदला, ही माझी कळकळीची विनंती आहे. सकाळी पाच मिनिटं आयडलला चालवून बंद करणं म्हणजे इंजिन गरम न होऊ देता नोझलवर कार्बन चढवणं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच चालवा, पण पंप जोडून, काटा कामाच्या टेंपरेचरवर येऊन वर अर्धा तास. टाकी कायम काठोकाठ ठेवा, महिन्याला तळाचा ड्रेन प्लग सोडून पाणी काढा. बगॅसच्या (उसाच्या चिपाडांच्या) ढिगाला रात्री दोनला आग लागते तेव्हा आसपासच्या गावांनाही हाच एक बंब असतो.

झाकण सैल करून आणि कॉक बंद करून काय झालं ते इथेच खाली लिहा. पारदर्शक नळीतले बुडबुडे सलग येतात की झटक्याने, तेही लिहा. त्यावरून पुढचा पाना कुठे लावायचा ते सांगतो.