अकिलीस टेंडन तुटल्यावर ऑपरेशन करावं की बुटावर भागतं?

तुमचा प्रश्न असा: टर्फवर क्रिकेट खेळताना भावाचा अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड पट्टा, पूर्ण तुटलाय, एक सर्जन ऑपरेशन म्हणतात, दुसरे घोटा धरून ठेवणारा नुसता बूट म्हणतात, आणि त्याला जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची आहे.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. नॉर्वेतल्या पाचशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर दोन्ही प्रकारच्या उपचारांत पायाच्या कामात फरक दिसला नाही. टेंडन पुन्हा तुटण्याचं प्रमाण बिनऑपरेशनच्या गटात ६.२ टक्के, ऑपरेशनच्या गटांत ०.६. उलट छोट्या छेदाच्या ऑपरेशनात ५.२ टक्के लोकांच्या मज्जातंतूला इजा झाली. मधुमेह किंवा सिगरेट असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो, तिथे मी बूटच म्हणेन. पाऊल खाली झुकवून सोनोग्राफी करा. तुटलेली टोकं एकमेकांना भिडत असतील तर बूट चालतो, बरंच अंतर राहत असेल तर ऑपरेशन. निर्णय पहिल्या काही दिवसांत घ्या, महिना उलटला की सरळ टाके घालणं अवघड होतं. पीआरपी इंजेक्शनवर (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून टोचणं) मात्र पैसे घालवू नका. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही.

खरा घात होतो तो पुढे. टेंडन लांब होऊन जुळला, तर सर्जन कितीही चांगला असो, पोटरीचा जोर परत येत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे पाऊल चवड्यावर नाचणाऱ्या बॅले नर्तकीसारखं खाली झुकलेलं, बहुधा भार न देता. मग टाचेखाली पाचरी घातलेला वॉकर बूट आणि कुबड्यांवर हळूहळू भार. दर एक-दोन आठवड्यांनी एक पाचर कमी. आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान बूट सुटतो, त्यानंतर काही आठवडे चपलेऐवजी टाच उंच असलेला बूट. सुरुवातीचे आठवडे झोपतानाही बूट काढायचा नाही. आंघोळीला स्टुलावर बसा, बूट काढला तरी पाऊल खाली झुकलेलंच. दुसऱ्या पायात जाड तळव्याची सँडल घाला, नाहीतर कंबर धरते.

आणि भारतीय पद्धतीचा संडास पूर्ण बंद. उकिडवं बसलं की घोटा पूर्ण वर वळतो, सगळा ताण नेमका जुळत्या जागेवर येतो. चाळीत राहत असाल तर कमोड खुर्ची भाड्याने आणा. गणपतीत जमिनीवर पंगतीला बसणंही यंदा नाही.

"आखडलाय, जरा ताणून सोडव" हा सल्ला जिममधले ट्रेनर, मालिशवाले, शेजारचे काका सगळे देतात आणि मला तो ऐकवत नाही. बारा आठवड्यांपर्यंत पोटरी आखडलेली असणं हेच आपल्याला हवंय. पाऊल काटकोनापलीकडे वर ताणायचं नाही, पायरीवर टाच लोंबकळवायची नाही. आखडलेला घोटा नंतर सुटतो. लांबलेला टेंडन व्यायामाने आखूड होत नाही. यावर मी सहकाऱ्यांशी भांडलो आहे आणि पुन्हा भांडेन. या काळात फिजिओकडे काम असतं ते पाऊल खाली दाबण्याचं, मांडी-नितंबाचं, आणि बूट सुटल्यावर दोन्ही टाचा उचलण्याचं.

मॅरेथॉनबद्दल: कॅलेंडर बघून ठरवू नका. दुखऱ्या एका पायावर उभं राहून टाच पूर्ण उंचीपर्यंत वारंवार उचलता आली की धावणं सुरू करायचं. त्याला निदान चार ते सहा महिने तरी लागतात, टर्फवर परतायला नऊ किंवा जास्त. ४२ किलोमीटर यंदा विसरा.

पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रक्ताची गुठळी असू शकते. त्या पायाला मालिश तर अजिबात नको. रक्त पातळ करणाऱ्या औषधाची गरज आहे का, हे आताच डॉक्टरांना विचारा. आणि भावाने अलीकडे सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन ही अँटिबायोटिक्स किंवा स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा, या औषधांनी टेंडन कमकुवत होतो.