मेसेज माझाच, मग एडिट का होत नाही?

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. जनरल मीटिंगची नोटीस व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, रविवारी संध्याकाळी 6 वाजता म्हणून. दुसऱ्या दिवशी हॉलवाल्यांचा फोन, 6 ला जमत नाही, 4 ला या. म्हटलं जुन्याच मेसेजमध्ये 6 चे 4 करून टाकू, तर मेसेज दाबून धरला तरी एडिट येतच नाही. मुलगा म्हणतो ते फक्त 15 मिनिटंच असतं. मेसेज मी लिहिलेला, मग मलाच बंदी कशाला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय, फोन बिघडलेला नाही. व्हॉट्सॲपने मे 2023 मध्ये एडिटची सोय आणली तेव्हापासूनच 15 मिनिटांची मुदत आहे, म्हणजे स्पेलिंग चुकलं, एखादा शब्द राहिला, तेवढ्यापुरती ती सोय.

आता कारण. मेसेज तुम्ही लिहिला हे खरं, पण त्याखाली लोकांनी उत्तरं दिली की तो एकट्या तुमचा राहत नाही. समजा कुणी विचारलं, पार्किंगचे महिना 500 घ्यायचे का, आणि वीस जणांनी खाली अंगठा दिला, आणि आठवड्याने त्या 500 चे 1500 झाले तर? वीसच्या वीस जणांनी 1500 ला होकार दिला असंच दिसणार, आणि आधी काय होतं ते दाखवायला काहीच नाही, कारण व्हॉट्सॲप नुसता ‘एडिटेड’ एवढा शिक्का मारतं, जुना मजकूर दाखवत नाही. म्हणून मुदत लागते.

जिथे जुना मजकूर बघता येतो तिथे मुदतीची एवढी गरज नसते. फेसबुकवरची पोस्ट वर्षाने बदला, एडिट हिस्टरी बघता येते. विकिपीडियावर तर लेखाच्या इतिहासात कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. मला विचाराल तर व्हॉट्सॲपनेही हेच करावं, जुना मजकूर दाखवा आणि मुदत खुशाल दिवसभराची करा, लोकांची सोय पण होईल आणि कुणाची फसवणूक पण होणार नाही.

तुमच्या बाबतीत मात्र एडिट झालं नाही तेच बरं झालं असं मी म्हणेन. एडिट केल्यावर नव्याने नोटिफिकेशन जात नाही, त्यामुळे ज्यांनी 6 वाचून मनात ठेवलंय ते 6 लाच आले असते आणि वर म्हणाले असते आम्हाला कुणी कळवलंच नाही, आणि त्यांचं काही चुकलं नसतं. जुन्या नोटिशीला रिप्लाय करून नवा मेसेज टाका, पहिल्याच ओळीत ‘वेळ बदलली, 6 ऐवजी 4’ लिहा आणि तो पिन करा, म्हणजे चॅटमध्ये वरच अडकवून ठेवा, 7 दिवसांचा पर्याय पुरेल. जुना मेसेज डिलीट करू नका. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ला 2 दिवसांपेक्षा थोडी जास्त मुदत मिळते, पण मग खालचे ‘येतो’, ‘ओके’ कशाला होते तेच कळत नाही. आणि ज्येष्ठ मंडळींना फोन कराच, ग्रुप न बघणारे प्रत्येक सोसायटीत असतात.

प्रश्न : सगळीकडे 15 मिनिटंच असतात का? आणि समोरच्याने आधी काय लिहिलेलं ते बघता येतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ज्याचं त्याचं वेगळं. ॲपलच्या आयमेसेजमध्ये पण 15 मिनिटंच, त्यातही एक मेसेज 5 वेळाच बदलता येतो, पण तिथे ‘एडिटेड’वर बोट ठेवलं की आधीचं दिसतं. सिग्नल या मेसेजिंग ॲपवर 24 तास मिळतात आणि तिथेही आधीचा मजकूर बघता येतो. टेलिग्रामवर साध्या चॅटमध्ये 48 तास. व्हॉट्सॲपवर जुनं दिसत नाही, त्यामुळे पैशाचा किंवा तारखेचा विषय असेल तर उत्तर देताना नुसतं ‘चालेल’ लिहू नका, ‘5000 ला चालेल’, ‘12 तारखेला चालेल’ असं आकड्यासकट लिहा. समोरच्याने नंतर काहीही बदललं तरी तुमच्या मेसेजमधला आकडा त्याला बदलता येत नाही.