वजन उतरतंय, पण पोट साफ होत नाही : एक समुपदेशन अनुभव

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिन्याने रुग्णांचे जे फोन येतात, त्यांत एक तक्रार हमखास असते आणि ती सांगताना बहुतेकांचा आवाज खाली येतो. केस गळणे, अशक्तपणा, सैल पडलेली कातडी यांबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात. पण चार-चार दिवस शौचाला झाले नाही हे सांगायचे म्हटले की आधी इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात. सुनंदाताईंचेही तसेच झाले. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय बेचाळीस, राहणे भांडुपला, नोकरी फोर्टमधल्या एका कार्यालयात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी होऊन पाचवा आठवडा चालू होता. या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. दादरच्या आमच्या क्लिनिकमध्ये त्या आल्या, अर्धा तास मुलाच्या बारावीबद्दल बोलल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "मॅडम, आज पाचवा दिवस आहे. आत काही अडकलं तर नसेल ना? जोर केला तर टाके तुटतील का?"

या प्रश्नातली पहिली भीती टाक्यांची होती आणि तिचे उत्तर देणे माझे काम नव्हते. त्यांना त्याच दिवशी सर्जनांकडे पाठवले. पोट तपासून त्यांनी स्पष्ट सांगितले की जठरावरची शिवण भरून येत आहे आणि शौचाला जोर केल्याने ती उसवणार नाही. मात्र रोज कुंथण्याची सवय लागली तर मूळव्याध आणि फिशर (गुदद्वाराला पडणारी चीर) ही दुखणी मागे लागतील. पोट फुगून कळा येणे, उलट्या होणे, वायूही न सरणे, ताप, छातीची धडधड किंवा शौचातून रक्त यांपैकी काहीही दिसले, तर फोनवर सल्ला न विचारता थेट रुग्णालयात यायचे, हेही त्यांनी कागदावर लिहून दिले. ज्यांचे गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया; हिच्यात जठराचा लहान कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात) झाले आहे त्यांनी तर पोटात अचानक उठणाऱ्या तीव्र कळांकडे बद्धकोष्ठ म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण बायपासनंतर आतड्याचा वेढा आत अडकण्याची शक्यता असते आणि ती पुढे अनेक वर्षांनीही उद्भवू शकते.

सुनंदाताईंना यांपैकी काहीच नव्हते. मग आम्ही दुसऱ्या बैठकीत निवांत बसलो आणि मी त्यांना दिवसाचा हिशेब विचारला. मला नेहमी वाटते की या तक्रारीत माणूस काय खातो यापेक्षा तो दिवस कसा काढतो हे आधी विचारावे. त्या पहाटे साडेपाचला उठत, कारण नळाला पाणी त्याच वेळी येते. पिंपे भरणे, नवऱ्याचा आणि मुलाचा डबा, सासूबाईंची औषधे, आणि घरात माणसे चार पण संडास एक. सकाळी गरम पाणी प्यायल्यावर त्यांना कळ येई, परंतु तेव्हा आत मुलगा असे आणि बाहेर नवरा टॉवेल घेऊन उभा असे. त्या म्हणत, जाऊ दे, नंतर बघू. मग सीएसएमटीची धीमी लोकल. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, म्हणून घरातून निघण्याच्या तासभर आधीपासून पाणी बंद. कार्यालयातले स्वच्छतागृह दोन मजले मिळून एकच, म्हणून तिथेही पाणी बेताने.

मी त्यांना पर्समधली बाटली दाखवायला सांगितली. पाऊण लिटरची स्टीलची बाटली, संध्याकाळचे सहा वाजलेले, आणि ती अर्ध्याहून अधिक भरलेली. सकाळी भरली ती हीच का, असे विचारल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हो. हीच."

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ पोटात जावेत असे सांगितले जाते, पण पूर्वीसारखे तांब्याभर पाणी एका दमात पिता येत नाही. शिवाय जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नसते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे खाणाऱ्या माणसाला मग पाण्यासाठी वेळ उरतो किती? म्हणून हिशेब तासाचा करावा लागतो : जागेपणी दर तासाला कटिंग चहाचा एक ग्लास भरेल एवढे पाणी, घोटाघोटाने. हे चुकले की मोठे आतडे आपले काम चोख करते. आलेल्या मळातले पाणी शोषून घेते, आणि जितका वेळ मळ आत राहील तितका तो कोरडा आणि कडक होत जातो. त्यात मुंबईचा ऑक्टोबर, आणि भांडुप ते सीएसएमटी उभ्याने प्रवास; घामावाटे जाणारे पाणी वेगळेच.

पण बाटली भरलेली राहण्याचे खरे कारण स्वच्छतागृहही नव्हते, हे तिसऱ्या भेटीत कळले. कार्यालयात त्यांनी हर्नियाचे ऑपरेशन झाले असे सांगितले होते. दर दहा मिनिटांनी घोट घेताना कोणी पाहिले तर विचारतील, डब्यातली चार चमचे खिचडी पाहिली तर विचारतील, या धास्तीने त्या दुपारी मैत्रिणींबरोबर बसत, जमेल तेवढे पटकन गिळत आणि पाण्याला हात लावत नसत. शस्त्रक्रिया करून वजन उतरवणे म्हणजे आयते मिळवणे, असे आजही पुष्कळ लोक बोलून दाखवतात. ते चूक आहे, पण ऐकणाऱ्याला लागते, आणि लपवण्याची किंमत अशी कुठेतरी भलतीकडेच मोजावी लागते. सगळ्यांना सांगा असा आग्रह मी धरला नाही. शेजारच्या टेबलावरच्या एकाच मैत्रिणीला सांगायचे ठरले, आणि बाकीच्यांसाठी "डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितलंय" एवढे वाक्य. ते खोटेही नाही.

याच भेटीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्या रोज सकाळी वजनकाट्यावर उभ्या राहत. शौचाला झाले नाही की काटा हलत नसे, कधी तीन-चारशे ग्रॅम पुढेच जाई, आणि मग घाबरून त्या दिवशी वरण आणि भाजी आणखी कमी. खाणेच कमी झाल्यावर मळ तरी कशाचा तयार होणार? मळ कमी म्हणून आतड्याला ढकलायला काही नाही, म्हणून पुन्हा काटा अडलेला. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी करायचे असे ठरवून काटा सासूबाईंच्या कपाटात ठेवायला दिला. मला विचाराल तर अनेक रुग्णांच्या बाबतीत वजनकाटा काही दिवस दृष्टीआड करणे हे रेचकाइतकेच उपयोगी पडते.

रेचकावरून आठवले. आपल्या घरांमध्ये जुलाबाच्या औषधाला कोणी औषध मानतच नाही. सासूबाईंनी प्रेमापोटी एरंडेल दिले होते, शेजारणीने सोनामुखीचे चूर्ण, आणि नवऱ्याने इसबगोलाचा डबा आणून ठेवला होता. एरंडेल आणि सोनामुखी आतड्याला चाबूक मारल्यासारखे हलवतात. आधीच पाणी कमी असलेल्या शरीरातून जुलाबावाटे आणखी पाणी जाते. इसबगोलाचा प्रश्न निराळा आहे. ते चांगलेच आहे, पण ते फुगते पाण्यावर, आणि अरुंद झालेल्या जठरात पुरेशा पाण्याशिवाय त्याचा घट्ट गोळा होऊन अडथळा येऊ शकतो. रोजचे पाणी पुरे होईपर्यंत आणि आहारतज्ज्ञ सांगेपर्यंत तो डबा बंदच ठेवायचा ठरला. सर्जनांनी त्याऐवजी काही दिवसांसाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर लिहून दिली, जी मळात पाणी धरून ठेवते.

गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आले की लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्या एकत्र आणि तीही चहाबरोबर घेत होत्या. दोन्ही गोळ्यांनी मळ घट्ट होतो, कॅल्शियम कार्बोनेटने विशेष. आणि एकत्र घेतल्यास कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते, चहा तर अडवतोच. सुनंदाताईंनी मधल्या एका आठवड्यात लोहाची गोळी स्वतःहून बंदही केली होती. ते करू नये. या शस्त्रक्रियेनंतर रक्तातले लोह कमी होण्याचा धोका मोठा असतो. कॅल्शियम कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सिट्रेट आणि दोन गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर, एवढा बदल डॉक्टरांच्या संमतीने केला. वरणात पडवळ आणि दुधी, संध्याकाळी पिकलेल्या पपईच्या दोन फोडी, आणि पहिला मान प्रथिनांचाच, म्हणजे मूग, पनीर, अंडे यांचा. आहाराबाबत यापेक्षा फारसे काही करावे लागले नाही.

अवघड होता तो संडास. नवऱ्याला आणि मुलाला बोलावून घेतले. सकाळी पोटात काही गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि ती कळ पुन्हा पुन्हा दाबली की पुढे ती येणेच मंदावते, हे त्यांना समजावून सांगितले. मुलगा ओशाळला. नवरा म्हणाला, "मला काय माहीत! ही बोललीच नाही कधी." पहाटे पावणेसहा ते सहा ही वेळ सुनंदाताईंची, पिंपे नवऱ्याने भरायची, असे ठरले. कमोडवर बसताना पायांखाली जेवणाचा जुना पाट घ्यायचा, म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर कमी लागतो.

दिवस मोजण्याची सवय मात्र जायला वेळ लागला. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा एवढी मोठी मर्यादा सामान्य मानली जाते, आणि खाणेच कमी झाल्यावर दोन दिवसांआड होणे यात काही बिघाड नाही. पाहायचे ते मळाचे स्वरूप. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टल तक्त्यात मळाचे सात प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. पहिले दोन, म्हणजे लेंड्यांसारखा सुटा आणि गाठीगाठींचा कडक, हे बद्धकोष्ठाचे. तो तक्ता पाहून त्या आधी हसल्या, मग फोनमध्ये त्याचा फोटो काढून घेतला.

पावडर महिन्याभरात बंद झाली. पुढच्या वर्षी गणपतीला कणकवलीला गेल्यावर तक्रार पुन्हा उद्भवली. रात्रीचा प्रवास, पाहुण्यांनी भरलेले घर, पुन्हा पाणी कमी. तिथून फोन आला : "मॅडम, दोन नंबरचा प्रकार आहे, आणि कालचं पाणी जेमतेम सातशे मिली. पोट दुखत नाही, उलटी नाही. सर्जनना विचारलं, ते म्हणाले तीच पावडर तीन दिवस घ्या. उकडीचा मोदक एकच खाल्ला." मी त्यांना फक्त लोहाची गोळी चालू आहे का एवढे विचारले. चालू होती.